झोपवलेली लेकरं

मला एका लेकरं सांभाळणाऱ्या बाईनं फसवलं. झोप म्हणून तिनं माझ्या पोरीला रोज गुंगी दिली, आणि मी तिचे आभार मानत राहिले.

मी वलगावची. डोक्यावर टोपली घेऊन फुलं विकली, आता अमरावतीत हारांचं दुकान आहे. बाजारात मला कुणी बनवत नाही. शिळ्या झेंडूवर पाणी मारून वरचा थर कितीही ताजा दाखवा, मी ढिगात हात घालून तळातलंच फूल काढते.

पोरगी रांगायला लागली तेव्हा लग्नसराई होती. दुपारी जरा डोळा लागला की ती किंचाळून उठायची. गल्लीतली काकू बाजारातल्या बायांची लेकरं सांभाळायची. तिला मी बजावून सांगितलं, "काकू, मले संध्याकाळी झोप झालेली पोरगी पाह्यजे. रडकी हातात देशीन, तर उद्यापासून दुसरं घर पाहीन."

"अव, तू हार गुंफ. झोप माह्यावर सोड."

आणि खरंच पोरगी झोपू लागली. न्यायला गेलं की माझ्या खांद्यावर मान टाकायची. दुकानाशेजारची भाजीवाली म्हणायची, "काय गुणाची पोट्टी हाय व तुही! आमचं तर दिवसभर भोकाड." मी मिरवायचे.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत एकदा सगळा माल सकाळीच उठला. भरदुपारी मी काकूकडे गेले. दार लोटलेलं, आत कूलर घरघरत होता. सतरंजीवर माझी पोरगी आणि आणखी दोन लेकरं एका ओळीत उताणी, तोंडं उघडी. माझा पाय लागून ताटांची चळत फरशीवर कोसळली. एकाचीही पापणी हलली नाही. मी पोरीला उचललं, तिचा हात लोंबकळला. गालावर चापट्या मारल्या तेव्हा कुठे तिनं डोळे किलकिले केले.

ओट्यावर सर्दीच्या औषधाची बाटली होती, आणि चिकट चमचा.

"हे काय पाजून राहिली तू?"

"सर्दीचं औषध हाय. मेडिकलवाला देते. सारेच पाजतात."

"सर्दी कोणाले झाली?"

काकू खाली वाकून ताटं गोळा करू लागली.

पोरीला मी त्याच दुपारी घरी आणलं. आता ती अंगणवाडीत जाते. खिचडी खाऊन झाल्यावर तिथं लेकरांना आडवं करतात. सतरंजी उलगडताना दिसली की ही दाराकडे पळते. पकडलं तर ओकते. इतर लेकरांत मिसळत नाही, मी नजरेआड झाले की थरथरते.

अकोल्याला बालमानसोपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी पोरीच्या तान्हेपणीच्या झोपेचंच विचारलं. म्हणाल्या, "औषधानं येते ती गुंगी. तिला झोप म्हणू नका. रोज ओळखीच्या माणसाजवळ, ठरल्या वेळी झोपायला मिळालं, की लेकराला भरवसा वाटतो. झोपेचं आणि मनाचं असं जवळचं नातं असतं."

"मग ही भीती त्या औषधानंच ना?"

"ते ठामपणे नाही सांगता येणार."

अडत्याकडून भाव काढावा तसं मी फिरवून फिरवून विचारलं. बाई हलल्या नाहीत. "आतापासून तिची झोप सांभाळू, ती सुधारेल," एवढंच म्हणाल्या. पोरीला घेऊन मी बाहेर आले. नुकसान माझ्या पोरीचं, आणि ते कुणी केलं हेही मला कुणी लिहून देणार नाही!

काकूनं अकोल्यातच मोठं पाळणाघर काढल्याचं बाजारात कानावर आलं होतं. पोरीला कडेवर घेऊन तिथूनच रिक्षा केली. भिंतीवर ससे, फुगे रंगवलेले. दारात दोन आया आपापली लेकरं न्यायला उभ्या होत्या. काकूनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, हिले काहून पाजलं?"

"हळू बोल व. तुलेच तर झोपलेली पोरगी पाह्यजे होती."

"मी झोप मांगितली होती! बेशुद्ध कर म्हणून कवा म्हटलं?"

त्या दोघी आया माझ्याकडे पाहू लागल्या. पोरीनं माझ्या मानेत नखं रुतवली. आतून एकाही लेकराचा आवाज येत नव्हता.

"आज आतल्या लेकरायले काय पाजलं? यायच्या मायांसमोर सांग. बोल, काकू. उत्तर दे!"