शिकाऊने उपटलेलं तण

छोट्या शेतांवर इंटर्न ठेवण्याचे नवे नियम आले, तेव्हा शेतीखात्याने एका दुपारी चाळीसेक शेतकऱ्यांना कार्यालयात बोलावून ते वाचून दाखवले. वाचणारे होते खात्याचे तपासनीस. नियमांची पानं बारा. चौथ्या पानावर मागच्या रांगेतले दोघे डुलक्या घेऊ लागले, सातव्या पानावर पुढच्या रांगेतलाही एक पेंगला. तपासनिसांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. नियम त्यांचेही काही लाडके नव्हते, आणि जेवणाचा डबा टेबलाखाली निवत चालला होता. कुणाला काही विचारायचं आहे का, हे त्यांनी कागद आवरता आवरताच विचारलं.

खिडकीजवळ एक हात वर झाला. साठी उलटलेल्या एक बाई होत्या. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, मांडीवर चौकटीची वही, वहीत बाराही पानांचे मुद्दे उतरवलेले. गुडघ्यावर हात दाबून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शिकाऊने उपटलेलं तण कशात धरायचं? तिच्या शिकण्यात, की माझ्या फायद्यात?"

पेंगलेले जागे झाले. खोलीभर हसू पसरलं. शेजारच्या खुर्चीवरचा एक भारदस्त माणूस म्हणजे या बाईंचा धाकटा दीर, लागूनच असलेल्या शेताचा मालक. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आमच्या वहिनी तणालाही पावती देतील. तपासनीसही हसले. मग डब्याकडे एक नजर टाकून त्यांनी उत्तर दिलं, की मावशी, तुमच्या शेताला फायदा होईल असं काही तिच्याकडून करून घेऊ नका, म्हणजे झालं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवलं, पुढे तारीख घातली, तपासनिसांचा हुद्दा लिहिला आणि खाली रेघ मारली. ती रेघ तपासनिसांच्या लक्षात राहिली. आपलं बोलणं इतक्या आदराने कुणी उतरवून घेतल्याला बरीच वर्षं झाली होती.

पुढे पाच महिन्यांनी ते मावशींच्या शेतावर तपासणीला गेले. आधी खोली बघायची, हा त्यांचा शिरस्ता होता. इंटर्नची खोली कोरडी असावी, दाराला आतून कडी असावी, खिडकी उघडावी, असं नियम सांगतात. इथे खिडकी उघडत होती, बिजागरीला तेलही दिलेलं होतं. पलंगाशेजारी दिवा आणि भिंतीवर आरसा होता. मावशींच्या स्वतःच्या खोलीत त्यांना आरसा दिसला नाही, तेव्हा हा कुठून उतरवून कुठे टांगला गेला असेल, ते त्यांनी ओळखलं.

इंटर्न त्रेचाळीस वर्षांची होती. वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर काढल्यामुळे सगळे तिला शिलाईवाली म्हणत. कारखाना बंद झाला आणि तिने मनाशी ठरवलं, की आता भाजी पिकवायची. नगरपालिका शहराबाहेरचे जमिनीचे तुकडे भाड्याने द्यायची, पण इंटर्नशिपचा दाखला असेल त्यालाच. अर्जाची मुदत संपायला एकोणीस दिवस उरले होते, आणि दाखल्यावर सही तपासनिसांची लागणार होती.

त्यांनी फॉर्म उघडला. पेरणी, रोपं, पाणी, खत, सगळे रकाने भरलेले. 'काढणी, निवड आणि विक्री' या रकान्यात किमान दहा दिवस हवे होते. तिथे मावशींच्या ठसठशीत अक्षरात शून्य होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

उत्तराऐवजी शिलाईवाली त्यांना शेताच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे चार खुंट्या ठोकून दोरी बांधली होती. आत बारा पावलं लांब, चार पावलं रुंद असे वाफे. गाजरं, पालक, कांदे, एका कडेला घेवडा. तपासनिसांनी आयुष्यात पुष्कळ गाजरं पाहिली होती, पण इतक्या सरळ ओळीतली क्वचितच. शिवणकामाचा हात होता तो. दोरीबाहेर मावशींचं शेत पसरलेलं, आणि दोरीला लागून एक छोटा खताचा ढीग. मावशींचा मोठा ढीग पलीकडे होता.

"हा माझा," शिलाईवाली म्हणाली. "खतही वेगळं. माझ्या वाफ्यातलं मी खाते तेवढं खाते. एक माणूस किती गाजरं खाईल? उरलेलं इथे पुरते. मावशी एक पान तोंडात घालत नाहीत, एक जुडी गाडीवर चढू देत नाहीत. त्यांचा फायदा होईल ना."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता, म्हणून तपासनिसांना तो जास्त लागला. ती पुढे म्हणाली, "कारखान्यात मी वीस वर्षं नुसत्या बाह्या शिवल्या. अख्खा शर्ट हातात कधी आला नाही. इथे अख्खा शर्ट शिवते, साहेब, आणि उसवून टाकते."

मग तिने आवाज खाली आणला. मावशी स्वतः पलीकडे गुडघा धरून तण उपटतात. वाकल्यावर उठताना टोपलीचा आधार घेतात. आपण दोरीच्या आत उभं राहून ते बघायचं. एकदा न राहवून ती दोरी ओलांडून गेली, घेवड्याची अर्धी ओळ तोडून दिली. मावशी रागावल्या नाहीत. फक्त तो घेवडा टोपलीतून बाजूला काढला आणि शिलाईवालीच्या ढिगात नेऊन टाकला.

तपासनिसांना आता डबा आठवला, खिडकीजवळचा हात आठवला, आणि वहीतली ती रेघही. सगळ्या खोलीत एकाच माणसाने त्यांचं ऐकलं होतं, आणि त्याच माणसाला ते घाईघाईत चुकीचं सांगून मोकळे झाले होते. नियमात तसं मुळीच नव्हतं. इंटर्नच्या कामाचा शेताला उपयोग झाला तर होऊ दे; आधी तिचं शिकणं व्हावं आणि पगारी मजुराच्या जागी तिला राबवू नये, एवढंच नियम म्हणत होता.

ते मावशींना शोधत गेले. त्या अवजारांच्या खोलीत फावड्याचा दांडा पुसत होत्या. तपासनिसांनी समजावून सांगितलं, की उद्यापासून शिलाईवालीला सगळ्या शेतात काम द्या, तिचा माल गाडीवर जाऊ द्या, दहा दिवस सहज भरतील, दाखला वेळेत मिळेल. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि वही पुढे केली. तारीख, हुद्दा, रेघ, सगळं जागच्या जागी होतं.

"तेव्हा हे म्हणालात," त्या म्हणाल्या. "आता ते म्हणताय. मी कुणाचं धरू?"

तपासनिसांना थोडा राग आला. अहो, एका बाईचं वर्ष जाईल, असं ते म्हणाले. त्यावर मावशी खोक्यावर बसल्या. दाखला अडला तर तिच्याइतकंच मलाही लागेल, असं काहीसं पुटपुटल्या. मग फावड्याकडे बघत त्यांनी अगदी थोडक्यात सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना घरच्यांनी त्यांना मामाच्या शेतावर पाठवलं. मुलगी शेती शिकेल, असं मामा म्हणाला होता. सात वर्षं त्या तिथे होत्या. तण उपटायचं, दगड वेचायचे, पुन्हा तण. बी कधी पेरायचं, किती खोल पेरायचं, हे कुणी एकदाही दाखवलं नाही. विचारलं तर मामा म्हणायचा, शिकतेच आहेस की.

"काय शिकलात तिथे?" तपासनिसांनी विचारलं.

"वाकायला."

त्या दिवशी सगळे ज्याला हसले, तो प्रश्न या बाई पन्नास-पंचावन्न वर्षं बाळगून होत्या. विचारायला योग्य माणूस समोर आहे असं त्यांना वाटलं, म्हणून विचारला. आणि त्या माणसाने डब्याकडे बघून उत्तर दिलं.

"तिच्या बाबतीत माझ्याकडून तसं होऊ नये," मावशी म्हणाल्या. "तोंडी नको. लिहून द्या."

लिहून देणं म्हणजे तपासणीच्या अहवालात लिहिणं, आणि तो अहवाल वरिष्ठांकडे जाणार. फॉर्ममधल्या शून्यामागचं कारण तिथे द्यावं लागणार. 'शेतकऱ्याचा गैरसमज' असे दोन शब्द लिहिले, की तपासनीस सुटले असते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ ते तसंच बोटांत फिरवलं. मग लिहिलं: 'नियमवाचनाच्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं. शेतकऱ्याने ते तंतोतंत पाळलं. चूक माझी.' त्याखाली नियमाचा खरा अर्थ लिहिला आणि सही केली.

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, अजून एक ओळ घाला. शिकाऊ शेतातली कुठलीही ओळ एकटी करणार नाही. ती एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, मध्ये भेटायचं. मी नसेन तिथे तिनेही नसायचं.

"असा नियम नाही, मावशी."

"माझ्या शेतापुरता घाला."

त्यांनी घातला. शिलाईवालीने खुंट्या उपटल्या, दोरी कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये गुंडाळली, कारखान्यात दोऱ्याची लडी करतात तशी, आणि मावशींच्या हातात दिली. मावशींनी ती खिळ्याला टांगून ठेवली. दोरी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी घेवड्यापासून सुरुवात झाली. मावशींचा गुडघा हळू, शिलाईवालीचे हात भरभर, त्यामुळे मध्ये भेटायचं ते पार मावशींच्या टोकाशी भेटणं व्हायचं. मावशी म्हणायच्या, अगं, हळू, मला शिकवू तरी दे. मग किती जाडीची शेंग तोडायची आणि कुठली बियाण्याला राखायची, ते दाखवायच्या. तिसऱ्या दिवशी दीर कुंपणाशी आला. त्याच्याकडे दोन इंटर्न होते, आणि त्यांचे फॉर्म नेहमी काठोकाठ भरलेले असत.

"काय वहिनी, लावलीत ना शेवटी शिकाऊला कामाला?"

"हो. मीही आहे तिच्यासोबत," मावशी म्हणाल्या. "तुमचे दोघं तिकडे आहेत, भावोजी. तुम्ही इकडे कसे?"

दीर आला तसा गेला. शिलाईवाली शेंगांच्या वेलाआड तोंड करून हसली.

गाडीवर तिचं खोकं वेगळं ठेवलं जाई, वर तिच्या हातची पाटी. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तिची गाजरं हातात फिरवून विचारलं, इतकी सरळ कशी? मावशींनी शिलाईवालीकडे बोट केलं. ती बोलू लागली, आणि गिऱ्हाईक बराच वेळ थांबलं.

मुदतीच्या चार दिवस आधी तपासनिसांनी दाखल्यावर सही केली. वरिष्ठांनी त्यांना बोलावून घेतलं, अहवालात इतका प्रामाणिकपणा करायची गरज नव्हती असं सांगितलं, आणि विषय तिथेच सोडला. त्यानंतर नियमांचे वर्ग त्यांनी घेतले ते जेवण झाल्यावर. बारा पानं वाचून झाली, की ते स्वतःच विचारत, शिकाऊने उपटलेलं तण कशात धरायचं? लोक हसत. मग ते हातातले कागद खाली ठेवून विचारत, की ते उपटलं जात असताना तुम्ही कुठे होता? दिराच्या शेतावरच्या पुढच्या तपासणीतही त्यांनी फॉर्म मिटून आधी हेच विचारलं होतं.

शिलाईवालीला जमिनीचा तुकडा मिळाला. बाजारात तिची गाडी मावशींच्या गाडीशेजारी उभी असते.

मावशी आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. सध्या त्यांच्याकडे एक निवृत्त बसचालक शिकतो आहे. रविवारी त्याला सुट्टी असते, म्हणून त्या दिवशी मावशीही तण उपटत नाहीत.