सगुणाची दगडमाशी

मांडव्याच्या अलीकडच्या खाडीकाठच्या गावांतून लग्न निघालं की मुंडावळ्या सगुणा पाटलिणीच्याच हातच्या लागतात. बारीक मोती, त्याहून बारीक दोरा, आणि गाठ अशी की नवरदेव घोड्यावर कितीही उड्या मारो, मणी जागचा हलायचा नाही. गावदेवीला पहिली जोडी वाहिल्याशिवाय ती दुसरीला हात घालत नाही. याच हातांनी ती माश्याही बांधते, हे मात्र बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही.

हे खूळ तिच्या नवऱ्याचं. धर्मा पाटील जन्मभर ट्रक चालवत होता. सफरचंदं आणायला कुल्लूकडे जायचा, तेव्हा तिथल्या नदीवर माणसं पिसाच्या खोट्या माशीने ट्राउट मासा धरताना त्याने पाहिली. जो माणूस पोरपणापासून खाडीत गळ टाकत आला, त्याला ते बघून कसं राहवेल? घरी आला तो काडेपेटीत एक मेलेला किडा घेऊनच. लांबट, तपकिरी, पोटाखाली पिवळसर. पुढे दोन मिशा, मागे दोन शेपट्या, आणि पंख पाठीवर चादरीसारखे सपाट घातलेले.

"ह्याची पोरं पान्यात दगराखाली रातात," धर्मा म्हणाला. "मोठी झाली की दगरावर येतात, कात टाकतात नि पंख पसरून जातात. मासा ह्यांच्यावर जीव टाकतो. तू बांधशील काय अशी?"

सगुणाने किडा उलटा-सुलटा करून पाहिला. नाव ठेवलं दगडमाशी. गावदेवीला मानाचा कोंबडा होतो, त्याच्या मानेची पिसं तिने मागून घेतली. गळ पकडीत धरायचा, पकडीच्या मुठींना रबर गुंडाळायचं, म्हणजे ती आपोआप मिटलेली राहते. मग पिवळ्या दोऱ्याचं पोट, त्यावर तपकिरी पिसाचा वेढा, वर पंख. शेजारची मैना दारातून जाता-जाता विचारायची, "काय गो काकी, माशीचं लगीन कवा हाय? मुंडावल्या झाल्या का तिच्या?"

"तुज्या आदी होईल बग तिचं," सगुणा म्हणायची आणि पुन्हा वेढा घ्यायची.

पोरगा जीवन ट्रकांचा धंदा बघू लागला तसा धर्मा दर मे महिन्यात हौसेने नदीवर जाऊ लागला, आणि दर मे महिन्यात हात हलवत परत येऊ लागला. एक मासा नाही की माशाचं खवलं नाही. पहिल्या वर्षी तो म्हणाला नशीब. दुसऱ्या वर्षी म्हणाला पाणी गढूळ. आणि यंदा, निघायच्या आधी, ओटीवर चार माणसं बसलेली असताना म्हणाला, "आमच्या हिची माशी खोटी हो. मासा काय येडा हाय? लगेच वलखतो." आणि खिशातून परदेशी माश्यांची चकचकीत डबी काढून त्याने सगळ्यांना दाखवली.

सगुणा चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले आणि सगळ्यांसमोरच म्हणाली, "अवो, यंदा मी बी येते. माजी माशी खोटी हाय तर मी माज्या डोल्यांनी बघीन, नि घरी येऊन पिसं चुलीत घालीन. पन खोटी नसली तर ह्याच ओटीवर तसं बोलायला लागंल."

"अगो, तितं थंडी किती असते!"

"थंडीला घाबरून मी न्हाय थांबायची."

रात्रभराच्या गाड्या, मग घाटातली बस, असं करत दोघं पोचली. नदीकाठी एका पहाडी कुटुंबाच्या घरात खोली घेतली. मासेमारीचा परवाना धर्माने दोघांच्या नावे काढला. उगाच हटकायला नको कोणी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, आणि ती त्याने मुद्दाम साधली होती. उधाणाचे दिवस म्हणजे माशाचे दिवस, हे त्याला आजाने शिकवलेलं.

पहिल्या दिवशी धर्मा सकाळभर चहा पीत बसला. "आता पानी उतरलेलं हाय, आता काय उपेग?" दुपार कलली तशी नदी खरोखरच फुगू लागली. मधले दगड एकेक बुडाले. "लागली बग भरती!" असं म्हणून तो उठला, परदेशी माशी काठीच्या दोरीला, तंगुसाला, बांधली आणि नदीच्या ऐन मध्यात फेकत राहिला. अंधार पडेपर्यंत फेकली. सगुणा काठावर शालीत बसून जप करत होती. जप करता करता पाण्याकडे बघत होती. पाणी दुधात माती कालवल्यासारखं दिसत होतं.

धर्मा रिकाम्या हाताने आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "विकतची माशी बी खोटीच निंगाली म्हनायची."

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. सगुणा उजाडता उठली, सूर्याला अर्घ्य द्यायला तांब्या घेऊन नदीवर गेली. तांब्या बुडवायला वाकली आणि तशीच राहिली. पाणी इतकं निवळ की तळचा खडा न् खडा मोजावा. काठच्या ओल्या दगडांवर किड्यांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या, आणि त्यांच्या शेजारी ओले पंख वाळवत बसलेल्या जिवंत दगडमाश्या. हुबेहूब तिने बांधलेल्या. त्यातली एक पाण्यावर घसरली, फडफडली, आणि काठापासून हातभर अंतरावर पाण्याला एक तोंड फुटून ती गडप झाली.

सगुणाने अर्घ्य दिलं, गणपतीचं नाव घेतलं, आणि ओल्या पायांनी तशीच खोलीत आली.

"उठा. मासे जेवायला बसलेत."

"भरती लागली न्हाय अजून," धर्मा गोधडीतून म्हणाला.

"कसली भरती? इतं समिंदर कुटं हाय? दिसभर ऊन लागून वरचा बर्फ इतलतो, म्हनून दुपारी पानी फुगतं, नि माती घेऊन येतं. तुमी इतकी वर्सं चिखलात माशी फेकताव! मासा आंदला व्हता, माशी खोटी न्हवती."

धर्मा उठून बसला. खाडीचा माणूस, भरतीवर जगलेला. पाणी चढलं की गळ टाकायचा, हे त्याच्या रक्तातच होतं. मग हळूच म्हणाला, "आयला."

"शिव्या मागनं द्या. काठी घ्या."

"तूच घे," तो म्हणाला. "तुजी माशी, तुजी काठी."

खाडीवर गळ टाकणं तिला माहेरपासून ठाऊक. तिने आपली दगडमाशी बांधली, पदर खोचला आणि मधल्या धारेत न फेकता काठच्या दगडाला लगटून अलगद सोडली. माशी दगडावर टेकली, पाण्यावर घसरली. काही नाही. पुन्हा सोडली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा माशी पाण्याला लागते न लागते तोच खालून पिवळी झळक आली आणि काठी वाकली.

"खेच!" धर्मा ओरडला. "सगुने, खेच लवकर!"

तिने खेचलं नाही. खाडीतल्या माशाला हिसडा द्यावा लागतो, पण हा तंगूस मुंडावळीच्या दोऱ्याएवढाच बारीक होता. आणि दोरा कुठवर ताण सोसतो, कुठे तटकन तुटतो, हे तिच्या बोटांना कोणी शिकवायला नको होतं. मासा धावला, तिने तंगूस सोडला. मासा थांबला, तिने गोळा केला. तो खडकाखाली शिरला तेव्हा तिने श्वास धरला, आणि धर्मा "आता गेला, गेला!" करत गुडघाभर बर्फगार पाण्यात उतरला.

"गप र्‍हावा हो! त्याला भ्या दाखवू नका."

शेवटी मासा दमला. काठाला आला तेव्हा धर्माने जाळी घातली. पोटाला हळद लागलेली, अंगावर कुंकवाचे ठिपके, आणि जबड्याच्या कोपऱ्यात मानाच्या कोंबड्याची पिसं. नियमाप्रमाणे ठेवता येतो त्या लहानात लहान मापाहून चांगला दोन बोटं मोठा.

सगुणाने आधी नदीला हात जोडले. धर्मा मात्र भिजलेल्या लेंग्याने काठावर नाचत सुटला. आवाज ऐकून घरमालकीण खाली आली, मासा पाहून तिने माशी बोटात धरली आणि विचारलं, कुठल्या दुकानातून घेतली.

धर्मा खळखळाटाच्या वर आवाज चढवून म्हणाला, "दुकान में नहीं मिलती! ये मेरी घरवाली ने बनाई. सच्ची माशी है, एकदम सच्ची!"

त्याच पावली त्याने जीवनला फोन लावला आणि ओटीवर जो असेल त्याला बोलाव म्हणाला. योगायोगाने मैनाच होती. तिच्या देखत, फोनवरून, त्याने सगळं कबूल केलं, चिखलासकट.

"मंग लगीन झालं का काकी माशीचं?" मैनाने तिकडून विचारलं.

"जालं गो बाय," सगुणा म्हणाली, "वऱ्हाड नाचतंय बग इतं वल्या लेंग्यात."

उपास असल्यामुळे तिने माशाला तोंड लावलं नाही. धर्माने तो तव्यावर परतून एकट्याने खाल्ला, ती चंद्रोदयाची वाट बघत शेजारी बसली होती. तो म्हणाला की चव आपल्या खाडीच्या बोईट माशाएवढी नाही, तरी काटेसुद्धा त्याने चोखून ठेवले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी सगुणाला जाग आली तर धर्मा आंघोळ करून, काठी घेऊन दाराशी उभा होता. हात पुढे केलेला.

"एक माशी दे ना गो."

"कशी हाय माजी माशी?"

"खरी."

"मोठ्यानं."

"खरी हाय, माजे बाय, खरी!" तो ओरडला, आणि समोरच्या डोंगराने तेच दोनदा म्हणून दाखवलं. मग सगुणाने त्याच्या तळहातावर एक माशी ठेवली आणि स्वतःची काठी उचलून त्याच्या पुढे पायवाटेने उतरू लागली.