सायलीचा पहिला घट्ट घास

स्वारगेटहून भोरची एसटी सुटली आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून मी लहान मुलीसारखी खूश झाले. गिळायला-बोलायला त्रास होणाऱ्या मुलांबरोबर मी पुण्यात काम करते. आज मात्र मुलं माझ्याकडे येणार नव्हती, मीच त्यांच्याकडे निघाले होते.

भाटघरला समाजमंदिरात आया जमल्या होत्या, मुलं मांडीवर. बाहेर धरणाचं पाणी नुसतं लखलखत होतं. मुलांना तूप-डाळ घालून पोटभर भरवा, असं मी सांगत होते. एकीनं विचारलं, "मॅडम, ह्याला चालता येत न्हाई. मग येवढं खाऊन जिरंल का?"

मी तोंड उघडण्याआधीच शेजारची म्हणाली, "अगं, दिसभर अंग ताठ करतंय लेकरू. त्याला ताकद लागत न्हाई व्हय?"

मी टाळीच वाजवली! मग गप्पांना असा रंग चढला की चहा निवून गेला.

दुपारी अंगणवाडीच्या आशाताईंच्या स्कूटरवरून वेल्ह्याकडे. वळणावर तोरणा एकदम समोर आला आणि मी "थांबा, थांबा!" म्हणून ओरडले. पुढं रस्ता संपला. चढण चढून धनगरवाड्यावर पोचलो, तर वाडग्यातली (शेळ्या-मेंढरं ठेवायच्या कुंपणातली) एक शेळी बाहेर सुटलेली. आम्ही पाणी पीत होतो तेवढ्यात तिनं माझ्या पिशवीतली केळी सालीसकट फस्त केली. जिला बघायला आलो होतो, त्या सायलीसाठी आणलेली!

सायली तीन वर्षांची. मान सावरत नाही, हातापायांची काडी झालेली. तिची आई संगीता तिला आडवं धरून पेज (भाताचं पातळ पाणी) पाजत होती. दर घोटाला ठसका, डोळ्यांत पाणी.

"घट्ट काही देत नाही?" मी विचारलं.

संगीतानं सासूकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "दह्याला ठसकत न्हाई ती. पान्यालाच ठसकती. म्या बघितलंय."

मी उडालेच! हेच तर मी सांगायला आले होते. पातळ पदार्थ घशात पटकन घसरतो, सावरायला वेळच मिळत नाही.

"दही न्हाई द्यायचं," सासूबाई कडाडल्या. "कफ व्हतो. आन् पोर गुदमरलं तर? मागं काळीनिळी पडली व्हती माझ्या हातात." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. तो राग नव्हता, भीती होती.

"आत्याबाई, तुमीच धरा तिला," संगीता सासूबाईंना म्हणाली. "मी भरवते. मॅडम हायेत हितं."

केळी तर शेळीच्या पोटात. मग घरात होतं त्याचंच खिमट (डाळ-तांदूळ शिजवून घोटलेला भात) केलं, गुठळी राहू न देता. वर तूप आणि थोडं दही. सासूबाई कुरकुरतच मांडी घालून बसल्या, त्यांच्या मांडीत सायलीला ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली कशी ठेवायची ते मी दाखवलं. संगीतानं चमच्याच्या टोकावर एवढासा घास घेतला.

सायलीनं तोंड मिटलं. आम्ही सगळ्या श्वास रोखून. घसा हलला. ठसका नाही!

"गिळलं बया!" आशाताई किंचाळल्या. सायली दचकली आणि मग चक्क हसली. दुसरा घास, तिसरा. घास गिळल्याची खात्री करून मगच पुढचा. सासूबाई पदरानं तिचं तोंड पुसत राहिल्या, पुसायला काही नव्हतं तरी. ठसक्यानं पेज छातीत उतरली असेल तर, म्हणून सरकारी दवाखान्यात वजन आणि छाती तपासून घ्यायचं ठरलं. आशाताई बरोबर जाणार आहेत.

खाली वेल्ह्यात पिठलं-भाकरी मागवली. भूक लई लागली होती, पण मी जेवण्यापेक्षा बोलतच जास्त होते.

परतीच्या एसटीत पुणं जवळ आलं तसा फोन वाजला. संगीता. मी घाबरतच उचलला.

"मॅडम, रातचं मी भरवायचं म्हनलं, तर आत्याबाई चमचाच देईनात! म्हनत्यात, तू धर, मी भरवते."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "हळू बोल, खातीय ती."

फोन ठेवला आणि जाणवलं, त्या घरात सायलीच्या जेवणाची वेळ म्हणजे आजवर धास्तीची वेळ होती. आज तिथं चमच्यावरून भांडण चाललं होतं. एसटीत मी एकटीच हसत बसले. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं, पाहू दे.