टाकी दमली, साहेब

समुद्राची बाजू घेऊन अख्ख्या जगाशी भांडेल असा माणूस भोसरीत एकच होता, आणि त्याने जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. हे आमच्या वर्कशॉपमधले भट्टीवरचे मामा. मूळचे बीडकडचे, म्हणजे भरलेली विहीरसुद्धा त्यांनी क्वचितच पाहिलेली. पण एप्रिलमध्ये शेअर रिक्षात कुणी ‘काय ऊन आहे राव’ म्हणालं की मामा त्याला उतरेपर्यंत सोडत नसत. “समुंदर जगाची आग अंगावर घेतो, म्हणून एवढ्यावर भागतंय. न्हाईतर तुमी रिक्षात बसला असता व्हय?” हे ज्ञान त्यांना मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकातून मिळालं होतं, पटलं मात्र आमच्या टाकीवरून. भट्टीतला लालबुंद शाफ्ट आम्ही पाण्याच्या टाकीत बुडवायचो, की तो कडक व्हायचा; पाणी तापलेलं असलं तर मऊच राहायचा. दर खेपेआधी मामा टाकीत कोपर बुडवत, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. पाणी तापलेलं लागलं की स्टूल टाकून बसत. “टाकी दमली, साहेब. पाणी बदला.”

मी तेव्हा नवा सुपरवायझर, नोकरीत पक्का व्हायला महिना बाकी. चाकणला माल नेणारा टेम्पो गेटवर हॉर्न वाजवत होता. मामा चहाला गेलेले पाहून मी तापल्या पाण्यातच अख्खी खेप उरकली. मामांनी येऊन एका शाफ्टवर कानस फिरवली, तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. माझी नोकरी गेल्यात जमा होती. मालक तणतणत आले, तेव्हा मामाच पुढे झाले. “माझं ध्यान न्हवतं,” म्हणाले. सगळ्या शिव्या त्यांनी खाल्ल्या, आणि शिफ्ट संपल्यावर थांबून सगळा माल पुन्हा तापवून दिला. पुढे मी पक्का झालो, पेढे वाटले, पण आभाराचा एक शब्द काही तोंडातून निघाला नाही.

मामा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना गाडीत घालून कोकणात नेलं. पँट दुमडून ते पाण्यात शिरले आणि वाकून त्यांनी कोपर बुडवलं. बराच वेळ वर काढेनात.

“कसा आहे?” मी विचारलं.

“कोमट हाय,” ते हळूच म्हणाले. “दमलाय, साहेब. आन् याचं पाणी बदलणार कोण?”

मला हसू आलं नाही. त्यांच्याकडे बघायचा धीर होईना, म्हणून लाटांकडे बघत मी पुटपुटलो, “तुमचे फार उपकार आहेत हो माझ्यावर.”

मामांना वाटलं, मी समुद्राशीच बोलतोय.

“जोरात म्हणा,” ते म्हणाले, “लाटांत ऐकू जात न्हाई त्याला.”

मी जोरात म्हणालो. मामांनी समुद्राच्या वतीने मान डोलावली.