पीएस बाहेर आलं!

लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्से जास्त तयार होतात. बरं, किस्से कुणी रिजेक्टही करत नाही! आमची लॅब विक्रोळीत, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर. माणसं चार: मॅडम, टेक्निशियन सावंतकाका, प्रणाली आणि मी. काम एकच. रक्तातल्या लाल पेशीच्या आवरणातली लिपिड्स, म्हणजे चरबीचे रेणू, एका थरातून दुसऱ्या थरात कशी जातात, ते बघायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी अर्धा तास समजावलं. सगळं डोक्यावरून गेलं. चहाच्या वेळी सावंतकाकांनी दोन मिनिटांत उरकलं.

"सोप्पा आसा गो. आवरणाक थर दोन. पीएस नावाचा लिपिड आतल्या थरात रवता. चुकान भायर इला, तर पेशी त्येका ओढून परत आत घेता. नाय जमला, तर पोटातली गाळणी, प्लीहा, म्हणता, ही म्हातारी झाली, आणि गिळता!"

"पेशीला कळतं का, आपलं काय होणार ते?"

"तुका तरी खय कळता?"

* * *

प्रणाली मुलुंडच्या हॉस्पिटलमधून पेशंटचं सॅम्पल घेऊन स्कूटरवर निघाली होती. सॅम्पल दीड तासात पेशी तपासायच्या मशीनवर चढलं पाहिजे, हा आमचा नियम. उशीर झाला तर पीएस आजारामुळे बाहेर आलं की नुसतं ताटकळल्यामुळे, सांगता येत नाही. आणि भांडुपला रस्ता खोदलेला! कांजूरमार्गपर्यंत येता येता सत्तर मिनिटं गेली. तिथे तिने राँग साइडने स्कूटर घातली, आणि समोर हवालदार.

"डब्यात काय आहे?"

"रक्त."

"किती वेळ टिकेल?"

"वीस मिनिटं!"

हवालदाराने पावती पुस्तक खिशात टाकलं, बाईकला किक मारली आणि शिट्टी फुंकत तिला थेट आमच्या गेटपर्यंत आणलं. तीन मजले तिच्या मागे धावत चढला. दारात धापा टाकत म्हणाला, "पेशंट कुठाय?"

प्रणालीने मशीनकडे बोट दाखवलं.

त्याने मशीनकडे बघितलं, खिशातून पावती पुस्तक काढलं. मग म्हणाला, "लायसन्स काढ."

* * *

एकदा तर आमची वाटच लागणार होती. बाहेर आलेलं पीएस डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला चिकटणारं एक चमकणारं प्रोटीन घालतो. जितकी चमक, तितकं पीएस बाहेर. त्या आठवड्यात नवीन औषध दिलेल्या पेशींमध्ये चमक शून्य! सगळं पीएस आत! मॅडम दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या मीटिंगमध्ये हे दाखवणार होत्या. स्लाइड तयार, तिकीट तयार. मी आणि प्रणाली हवेत.

मॅडम मात्र स्क्रीनकडे वळल्या. "औषध न दिलेल्या पेशी दाखव," म्हणाल्या.

त्यांच्यातही शून्य. त्या तर चमकायलाच हव्या होत्या!

मी पेशींच्या द्रावणाची बाटली उचलली. ते प्रोटीन कॅल्शियम असल्याशिवाय चिकटतच नाही, आणि हे द्रावण, म्हणजे बफर, मी बनवलं होतं. बाटलीवर माझंच अक्षर, आणि कॅल्शियमच्या पुढे टिकच नाही. मी रडायच्या बेतात होते.

मॅडमनी स्लाइड डिलीट केली. "सगळे एकदम बरे झाले की आधी आपली तब्येत तपासायची," म्हणाल्या, आणि तिकीट कॅन्सल केलं.

* * *

निरोगी रक्त म्हणून आम्ही कायम सावंतकाकांचंच घ्यायचो. पेशंटचा प्रत्येक आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून बघायचा. एका सोमवारी त्यांच्याच पेशींमध्ये पीएस बाहेर दिसलं. म्हटलं, माझा हात चुकला असेल. मंगळवारी प्रणालीने केलं. तेच. बुधवारी स्वतः मॅडमनी केलं. तेच! काका आत आले की आम्ही आकड्यांवर फाइल ठेवायचो.

शेवटी मॅडमनी दार लावून त्यांना सांगितलं. "काका, आमची टेस्ट रोग सांगत नाही. पण आजच डॉक्टरकडे जा."

शुगर प्रचंड वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर किडनीवर आलं असतं. काका पंधरा दिवसांनी परत आले, उतरलेले, पण ताठ. मॅडमचे डोळे भरून आले.

काका म्हणाले, "ता सगळा रवांदे. आता तुमचो नॉर्मल कोण?"

* * *

रेश्मा आमची सिकलसेलची पेशंट, घाटकोपरची, वीस वर्षांची. आई-वडिलांकडून येणारा हा आजार लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवतो. दुखणं उठलं की हाडं आतून फुटल्यासारखी वाटतात, म्हणायची. त्या दिवशी वडील सोबत आले होते. रेश्माचं सॅम्पल मशीनवर चढेपर्यंत ते मॅडमना सांगत होते, "परीक्षा आली की हिचं दुखतं. तपासावं तर ताप नाही, सूज नाही. नाटक आहे सगळं."

रेश्मा खाली मान घालून बसलेली. प्रणालीचा जबडा आवळलेला मला दिसत होता. पेशंटला आम्ही स्क्रीन दाखवत नाही. प्रणालीने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी खुर्ची बाजूला सरकवली. प्रणालीने स्क्रीन फिरवली.

"हे बघा, एक ठिपका म्हणजे एक पेशी. खालच्या ठीक आहेत. वरच्यांचं आतलं बाहेर आलंय."

वरचा कोपरा ठिपक्यांनी भरत चालला होता. थांबेचना.

"या सगळ्या हिच्या?" वडिलांनी विचारलं.

"हो."

"आत्ताच्या?"

"आत्ताच्या. अशा पेशी चिकटून रक्तवाहिन्या तुंबवतात. आज हिला दुखत असेल."

वडील लेकीकडे वळले. "दुखतंय?"

"रात्रीपासून," रेश्मा म्हणाली. "सांगितलं नाही."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग शर्टाच्या बाहीचं बटण सोडून बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला.

"माझंही बघा."