दिघेबाईंचा क्रोशाचा वर्ग

मी दिघेबाईंचा विषय काढला की सून आधी गॅस बंद करून येते. तिला ठाऊक आहे, एका किश्शावर मी थांबत नाही! काय करू, त्या एका वर्षात इतकं बघितलं, की अजून सांगून संपलेलं नाही.

मध्यभारत राज्य नवं नवं झालं होतं. आमच्या इंदूरच्या कॉलेजात क्रोशाचा आणि हातकामाचा वर्ग निघाला, तोही ट्रायलवर. वर्षअखेर आग्र्याहून युनिव्हर्सिटीची कमिटी येणार. ती 'ठीक' म्हणाली तर वर्ग राहणार, नाहीतर वर्ग बंद आणि बाई घरी. बाई विधवा, पदरी म्हातारी सासू. आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी आमची खोली आधीच भूगोलवाल्यांना कबूल करून ठेवलेली!

* * *

पहिल्या दिवशी आम्ही वह्या उघडून बसलो. बाई म्हणाल्या, "वह्या पिशवीत. हात टेबलावर."

शकू पागे डावखुरी. त्यावरून घरी फार मार खाल्लेला, म्हणून डावा हात पदराखाली लपवून बसलेली. बाईंनी ते बघितलं. बाकीच्यांना शेजारी बसवून शिकवलं, शकूच्या मात्र समोर खुर्ची ओढली. "मी तुझा आरसा. माझा उजवा हात जे करेल ते तुझ्या डाव्यानं कर."

शकूची टाक्यांची साखळी सगळ्यांच्या आधी झाली. बाई म्हणाल्या, "शाबास!" पोरगी रडायलाच लागली! "बाई, या हाताला आज पहिल्यांदा कोणी शाबास म्हटलं."

* * *

कमला जैन मल्हारगंजची, वडिलांचं कापडाचं दुकान. एकदा बाईंनी तिचा रुमाल नुसता चिमटीत धरला. "इथून पुढे टाके घट्ट झालेत. काल कोणावर चिडली होतीस?"

आम्ही गार! कमला लाल. "बाई, लड़केवाले देखने आए थे. बोले, चलके दिखाओ!"

"मग उसव तेवढं," बाई म्हणाल्या. "त्या लोकांना रुमालात कशाला जागा द्यायची?"

* * *

डाळिंबाच्या साली उकळून सूत रंगवायचं ठरलं. सुताच्या लडीसकट पातेलं होस्टेलच्या स्वयंपाकघरात चढवलं आणि आम्ही लेक्चरला गेलो. इकडे स्वयंपाकी महाराजांनी पिवळं पाणी बघितलं आणि डाळ समजून हिंग-जिऱ्याचा मस्त बघार दिला! पंगत बसली. महाराजांनी डाव घातला, वर ओढला, ओढतच राहिले. "अरे, दाल में सेवइयां किसने डाल दी?"

बाईंनी लडी पिळून उन्हात धरली. असा पिवळा रंग मी आजतागायत बघितलेला नाही. हिंगाचा वास मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

* * *

माझा गोल रुमाल काही सपाट बसेना. दर फेरीला टाके जास्त पडत गेले आणि कडा कोबीसारख्या मुरडल्या. मी तो लपवणार, तेवढ्यात गणिताचे सर आमच्या हसण्याची तक्रार घेऊन आले. तक्रार राहिली बाजूला, रुमाल हातात धरून उभेच!

"बाई, हा मुरडत जाणारा आकार आमच्या गणितात आहे, पण मला फळ्यावर कधी काढता आला नाही. हा चुकायचा कसा, ते शिकवाल?"

* * *

आणि कमिटी आली. तीन साहेब. त्यातल्या मोठ्या साहेबांनी मांडलेल्या कामाकडे धड बघितलंही नाही. "इसमें पढ़ाने का क्या है? ये तो घर-घर में माँ सिखा देती है."

बाईंचा चेहरा उतरला. आमचा जीव टांगणीला. भूगोलाचे नकाशे तर दाराबाहेर येऊन टेकले होते!

बाईंनी क्रोशाची सुई आणि दोरा साहेबांपुढे ठेवला. "पाँच मिनट, साहब. करके देखिए."

साहेब भिडेखातर बसले. पहिला फास सुटला. दुसराही सुटला. घाम आला, कोट उतरला. चहा आला, निवून गेला. बाई शेजारी बसून आपली साखळी सावकाश विणत होत्या, म्हणजे साहेबांना दिसावी. हळूहळू साहेबांची साखळीही वाढायला लागली, वाकडीतिकडी. एवढा मोठा माणूस, आणि जीभ दातांत धरलेली! मला तर भरूनच आलं.

तेवढ्यात दोरा परत अडकला. प्रिन्सिपॉलसाहेब लगबगीनं वाकले. "लाइए सर, बाई पूरा कर देंगी. आपकी गाड़ी का समय हो गया."

साहेबांनी सुई छातीशी धरली. "हाथ मत लगाइए! आ रहा है मुझे!"