चारुलताच्या मनातलं

माणूस गेला की इंदूरच्या मराठी घरांतून दोन फोन व्हायचे, एक डॉक्टरला आणि एक नंदूभियांना. डॉक्टर यायला उशीर करत. भिया तोवर पायरीवर चपला काढत असत.

पूर्ण नाव नंदकुमार जगदाळे. पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, हे पाटबंधारे खात्यात फायलींवर होते. चौसष्टाव्या वर्षी अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या घरात निवृत्त म्हणून राहत होते, म्हणजे झोपायला येत होते. बाकी दिवस लोकांच्या मयतांत जायचा. तिरडी बांधावी ती त्यांनीच. बांबू कुठला आणायचा, सुतळीचा कोणता फास खांद्यावर सरकत नाही, मडकं कुणी धरायचं, कंडे म्हणजे गोवऱ्या किती सांगायच्या, सगळं तोंडपाठ. स्मशानातून परतताना टपरीवर चहा घ्यायचा आणि भियांचं प्रवचन ऐकायचं, हाही विधीचाच भाग झाला होता.

"देखो भिया," ते बशीत चहा ओतत म्हणायचे, "बंगला, गाडी, प्रमोशन, सब फालतू. माणसाच्या जिंदगीत खरं काय, तर चार खांदे. माणसं जोडा. बाकी काहीच बरोबर येत नाही."

ऐकणारे माना हलवायचे. नुकतंच कुणाला तरी जाळून आल्यावर असं वाक्य पटतंच.

पण भियांचं खरं कसब दिसायचं ते दहाव्याला. नर्मदेच्या घाटावर पिंड मांडलेले आणि कावळा काही शिवेना, की घरचे घाबरे होत. गेलेल्याची इच्छा राहिली म्हणायची. मग भिया पुढे होत. मोलकरणीला विचारत, शेजाऱ्याला विचारत, सुनेला बाजूला घेऊन विचारत आणि नेमकं हुडकून काढत. एका मास्तरांच्या वेळी त्यांनी मुलाला सांगितलं, "म्हण, स्कूटर विकणार नाही." कावळा खाली उतरला. त्यांचे मित्र प्रतापराव यांच्या आईच्या वेळी तर त्यांनी वीस वर्षं अबोला धरलेल्या मावशीला फोन लावला आणि तो पिंडाशी धरला. मावशी तिकडून रडली, इकडे कावळा शिवला. दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायची वेळ भियांनी कुणावर येऊ दिली नाही. "तो तर बेवारस माणसाचा कावळा," ते म्हणायचे. "घरात आपलं माणूस असताना त्याच्या मनातलं कळू नये?"

हे सगळे किस्से ते घरी येऊन सांगायचे ते न्हाणीघरातून. मयताहून आल्यावर मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली, कडुनिंबाचा टाळा आणि धुतलेले कपडे तयार असत. पस्तीस वर्षांत पाणी कधी गार नव्हतं. भिया आत आंघोळ करत मोठ्यानं बोलत आणि बाहेर, दाराला पाठ टेकून, चारुलता ऐकत असे. चारुलता त्यांची बायको. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, असं भियांनाही वाटायचं.

मुलीच्या, शर्वरीच्या, साखरपुड्यात ते जेवणाआधी उठून गेले, कारण सुखलिया भागात कुणीतरी गेलं होतं. मुलाचा, आशिषचा, दहावीचा निकाल त्यांना स्मशानात कळला. चारुलता भांडली नाही. एकदाच म्हणाली, "मेलेल्यांचे झालात, जिवंतांचे कधी होणार?" भियांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते चहाच्या टपरीवर चौघांना सांगितलं. लोक हसले.

आणि एकदा, गेल्या दिवाळीच्या आसपास, दाराबाहेरून तिनं विचारलं होतं, "माझ्या वेळी कावळ्याला काय सांगाल हो?"

"तुझं काय?" भिया डोक्यावर तांब्या ओतत म्हणाले. "तुला काय कमी आहे?"

बाहेरून काही उत्तर आलं नाही. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं त्यांनी धरलं.

ती फेब्रुवारीत गेली. सकाळी ओट्याशी उभी होती, खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. आणि माणसं आली, भिया म्हणत तशी. गल्ली भरली, पलीकडची गल्ली भरली. तिरडीला खांदा द्यायला ओढाताण झाली. रडता रडता भियांची नजर त्या गर्दीवरून फिरली आणि त्यांना बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं खरं. मग वर्तमानपत्रात बातमी द्यायला बसलेला एक जण जवळ आला आणि हळूच म्हणाला, "भिया, वहिनींचं नाव काय होतं?"

त्या दिवशी स्मशानातून आल्यावर भिया सवयीनं मागच्या दाराशी गेले. बादली पालथी होती. ते तसेच स्मशानातल्या कपड्यांत उभे राहिले, तेव्हा कुठे आशिषनं गीझर लावला.

दहाव्याला दोन गाड्या आणि एक बस सिमरोलवरून नर्मदेला गेल्या. आशिषनं विधी केला. हृषीकेश गुरुजींनी पिंड मांडले आणि सगळे मागे सरले. कावळे होते. एक तर समोरच्या लिंबावर अगदी खालच्या फांदीला बसला होता. पिंडाकडे पाहायचा आणि चोच पुसायचा.

"आई, बाबांना मी माझ्याकडे विजय नगरला नेईन," आशिष म्हणाला. कावळा हलला नाही.

"आई, मी दर सुट्टीला येईन," पुण्याहून आलेली शर्वरी म्हणाली. कावळा हलला नाही.

मग सगळे भियांकडे पाहू लागले. शेकडो घरांची कुलपं उघडलेला माणूस आता स्वतःच्या दाराशी उभा होता. त्यांनी हात जोडले. "अन्नपूर्णेची ओटी भरीन," म्हणाले. "तुझ्या नावानं अन्नदान करीन." मग जरा घाईनं, "काशीला जाईन." ऊन चढत होतं. ही असली आश्वासनं दुसऱ्या कुणी दिली असती तर भियांनीच त्याला झापलं असतं, की ही तुझी इच्छा आहे, तिची सांग.

प्रतापराव कानाशी आले. "भिया, वहिनींच्या मनात काहीतरी अटकलंय. आरामात सोचून बोला. त्यांना खायला काय आवडायचं?"

"पोहे," भिया म्हणाले. पण पोहे त्यांना स्वतःला आवडत. जिलबीही त्यांनाच. ती काय खायची? ती त्यांच्यानंतर जेवायची. ते तेव्हा फोनवर असत.

त्यांनी शर्वरीला बाजूला घेतलं, इतरांच्या सुनांना घेत तसंच. "तुला काही बोलली होती का गं? काही हवं होतं का तिला?"

शर्वरीचे डोळे सुजले होते. "मला नाही माहीत, बाबा. फोनवर ती तुमचंच सांगायची. आज कुठे गेलेत, जेवून गेलेत की नाही, कधी येणार. रोज तेच. मी वैतागायचे."

भिया पिंडापाशी परत आले आणि वाळूत गुडघ्यावर बसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची त्यांची सवय, पण आता ते पिंडाशी वाकले. "चारू, आता मी कुठं जाणार नाही," ते म्हणाले. "घरीच बसेन. आईशपथ, घरीच बसेन."

कावळ्यानं पंख झटकले आणि तो पलीकडच्या झाडावर जाऊन बसला. बरोबरच होतं. आता घरी बसून कुणाला काय उपयोग?

अजून अर्धा तास गेला. बसवाल्यानं हॉर्न दिला. हृषीकेश गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "नंदूजी, दर्भाचा करू या का?" भियांनी होकाराची मान हलवली. गुरुजींनी चार काड्या मुडपून कावळा केला, पण घाईत त्याची गाठ सैल राहिली. भियांनी तो मागून घेतला, गाठ सोडली, आपल्या पद्धतीनं घट्ट बांधली आणि आशिषच्या हातात दिला. आशिषनं तो पिंडाला टेकवला. पटापट भांडी आवरली गेली.

घाट चढताना मागं वळून पाहायचं नसतं. हे भियांनी आजवर किती जणांना खांदा दाबून सांगितलं असेल. वरच्या पायरीवर ते थांबले आणि वळले.

"काय हवं होतं गं तुला?" त्यांनी विचारलं.

पहिल्यांदाच विचारलं. खाली पिंड तसेच होते.